काळ्या गाडीवरची जाळी आणि बाभळीचा चरा: रंगाला हात लावण्याआधी

प्रश्न जुळे सोलापुरातून आलाय. चौदा महिन्यांपूर्वी घेतलेली काळी गाडी. दिवसा बरी दिसते, पण रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी केली की बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे चमकतात. शिवाय मोहोळकडच्या शेतात जाताना बाभळीच्या फांदीनं डावीकडच्या दोन्ही दारांवर लांब चरा ओढलाय. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, रबिंग-पॉलिश मारू, तासाभरात नवी होईल. दुसरा म्हणतो, थेट सिरॅमिक कोटिंग करून टाका. मेहुणे म्हणतात, विम्यातून दोन्ही दारं रंगवून घ्या. कोणाचं ऐकू?

मी या कामात बावीस वर्षं आहे. पहिली सहा वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात वॉटर पेपर घासण्यात गेली, मग रंगाची गन हातात आली, आणि आता बरीच वर्षं फक्त पॉलिशिंग आणि कोटिंगचं काम करतो. तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे: तिघांनीही गाडीच्या अंगावर रंग किती शिल्लक आहे ते मोजलेलं नाही. ते मोजल्याशिवाय मशीनला हात लावू देऊ नका.

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळं मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या थरावर तुमच्या गाडीची सगळी चमक उभी आहे तो केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणं म्हणजे हा थर घासून कमी करणं. ओरखडा पुसला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, आणि चर उरत नाही म्हणून तो दिसत नाही. लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड (घासणारी पेस्ट) घेऊन केलेलं एक रबिंग सहज तीन-चार मायक्रॉन खातं. मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश असेल तर एखादा मायक्रॉन. खाल्लेला थर परत मिळत नाही.

त्यातच उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यं या क्लिअर कोटमध्येच मिसळलेली असतात. तो पातळ झाला की ऊन खालच्या रंगापर्यंत पोचतं. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबाल तेव्हा जुन्या गाड्यांची छतं पाहा. पांढरे पापुद्रे सुटलेली, भाजलेल्या कातडीसारखी दिसणारी दोन-चार छतं तुम्हाला सापडतीलच. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि काळ्या पत्र्यावर हात टेकवत नाही. अशा गावात दर दिवाळीला 'एक रबिंग मारून टाक' म्हणणारा माणूस आपल्याच गाडीचं छत्र दरवर्षी थोडं थोडं फाडत असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. कामाला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या लाल गाडीचं बोनेट माझ्या हातून जळालं. गोल फिरणारं मशीन होतं, लोकरी पॅड होतं, आणि बोनेटच्या मधोमध जी उंच कड असते तिच्यावर मी जरा रेंगाळलो. लाल रंगावर करंगळीएवढी करडी रेघ उमटली. तो प्रायमर होता. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो, हे मला त्या दिवशी कळलं. पूर्ण बोनेट पुन्हा रंगवावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक कडेवर, प्रत्येक सांध्यावर मास्किंग टेप लावल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही. तुमच्या गाडीवर काम करणारा माणूस टेप लावतो का, एवढं एक जरी पाहिलंत तरी त्याचं निम्मं काम कळेल.

आता तुमची गाडी तपासू. घरीच करता येईल असं आहे.

गाडी स्वच्छ धुऊन, कोरडी करून संध्याकाळी सावलीत घ्या आणि मोबाईलची टॉर्च बोनेटपासून हातभर अंतरावर धरा. दिव्याभोवती गोल जाळी दिसेल. खरं तर ते ओरखडे गोल नसतात. सगळ्या दिशांनी गेलेल्या हजारो सरळ रेघा असतात, पण दिव्याच्या किरणाला आडव्या पडणाऱ्या रेघाच तेवढ्या चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. टॉर्च सरकवली की वर्तुळही सरकतं. ही जाळी बहुतेक एक-दोन मायक्रॉन खोल असते आणि ती निघते. मात्र टॉर्च सरकवल्यावर दिव्यासोबत लांबट, धुरकट पट्टे पुढेमागे पळताना दिसले, तर ते आधीच कुणीतरी मशीन फिरवल्याच्या खुणा आहेत. त्याला आम्ही होलोग्राम म्हणतो. नव्या गाडीवरही ते असू शकतात, कारण ताबा देण्याआधी घाईत केलेल्या पॉलिशमधून ते येतात.

मग दारावरचा चरा. त्यावर थोडं पाणी ओता. ओला असताना चरा पूर्ण नाहीसा होत असेल तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. पाण्याखालीही करडी किंवा पांढरी रेघ दिसत राहिली तर तो बेस कोट फोडून खाली गेलाय. दुसरी परीक्षा नखाची. नख चऱ्याला आडवं, हलकेच फिरवा. नख अडकत नसेल तर पॉलिशनं जाण्याची चांगली आशा आहे. अडकत असेल तर पॉलिशनं तो पूर्ण जाणार नाही आणि घालवायचा हट्टही धरू नका. बाभळीचे चरे सहसा मिश्र निघतात. फांदी टेकते तिथे खोल, पुढे सरपटते तिथे वरवरचे. त्यामुळे एकाच चऱ्याचा निम्मा भाग जाईल आणि निम्मा राहील, अशी मनाची तयारी ठेवा.

एक अपवाद. दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग घासून आपल्या गाडीवर चिकटलेला असतो, तोही चऱ्यासारखाच दिसतो. तो उंचवट्यासारखा हाताला लागतो. त्यावर आधी कपड्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसून पाहा. पुष्कळदा सगळी रेघ कपड्यावर येते आणि खाली रंग शाबूत निघतो. अशा रेघेसाठी दार रंगवायला निघालेले लोक मी परत पाठवलेत.

काळ्या गाडीवर चौदा महिन्यांत एवढी जाळी कुठून आली? उत्तर तुमच्या डिकीत असेल. पिवळं फडकं. सकाळी गाडीवर रात्रभराची धूळ असते आणि आपण कोरडं फडकं घेऊन ती झटकतो. आपल्या भागातली धूळ म्हणजे काळ्या मातीचे आणि मुरुमाचे कण, मूळचा बेसाल्ट दगड. क्लिअर कोट त्या दगडापुढे साबणासारखा मऊ. फडक्याखाली तो कण बोनेटभर ओढला जातो आणि प्रत्येक हाताला शंभर रेघा उमटतात. पिसांचा झाडू, गाडीवरचं कापडी कव्हर (वाऱ्यानं फडफडतं आणि आतली धूळ दिवसभर घासत राहते), मागच्या काचेवर बोटानं नाव लिहिणारी गल्लीतली पोरं, सगळ्यांचा परिणाम तोच. दसऱ्याला झेंडूचा हार तारेनं बांधतात. तारेचं टोक बोनेटवर टेकून गाडी अक्कलकोटपर्यंत जाऊन आली की नाकावर अर्धगोल चरे पडतात. हार दोऱ्यानंच बांधा आणि गाडी हलवण्याआधी काढून घ्या. कुंकवाचं स्वस्तिक त्याच दिवशी ओल्या कपड्यानं उचलून घ्या. उन्हात दोन-तीन दिवस राहिलं तर पांढऱ्या गाडीवर त्याची लाली मुरते.

टॉवेलबद्दल बोलताना मला जरा जड जातं. आपलं गाव टॉवेलचं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, माझे वडीलही यंत्रमागावर होते, आणि अंग पुसायला यापेक्षा चांगली वस्तू मला माहीत नाही. पण घराघरात जुना झालेला, उन्हात वाळून कडक झालेला टॉवेल शेवटी गाडी पुसायला येतो. सुती फाशात अडकलेला कण तिथेच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घासतो. मायक्रोफायबरचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक चिरलेले असतात, त्यामुळे कण धाग्यांच्या आत ओढला जातो आणि पृष्ठभागावर कमी घासतो. रंगाला तेवढं तेच वापरा. टायर आणि पायदान पुसायला घरचा टॉवेल खुशाल घ्या.

आता प्रत्यक्ष पॉलिशिंग. तुम्ही घरी करा किंवा दुकानात द्या, क्रम सारखाच.

धुण्यापासून सुरुवात. धुऊन झाल्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून हात फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल. ती खरखर म्हणजे रंगात रुतलेली घाण: डांबराचे ठिपके, ब्रेकचा लोखंडी चुरा, झाडाचा चीक, बांधकामावरून उडालेलं सिमेंट. डांबर रिमूव्हरनं काढायचं, लोखंडी चुऱ्यासाठी वेगळं द्रावण मिळतं ते मारलं की जांभळे ओघळ येतात, आणि उरलेलं क्ले बारनं. क्ले म्हणजे पिठाच्या गोळ्यासारखी माती. भरपूर ओलावा ठेवून, अजिबात दाब न देता फिरवायची. जमिनीवर पडली की ती टाकून द्यायची, कितीही महाग असली तरी. क्लेमुळे स्वतःचेही बारीक ओरखडे पडतात, म्हणून पॉलिश करणार असाल त्याच दिवशी ती वापरा.

मग जाडी मोजायची. मापकाचा शेंडा पत्र्यावर टेकवला की आकडा येतो. एका पॅनलवर चार-पाच ठिकाणी मोजा. सगळीकडे ११० च्या आसपास आणि एका दारावर २५० दिसलं तर ते दार आधी रंगवलेलं आहे. ४००-५०० च्या वर गेलं तर खाली चेप भरायची पुट्टी आहे. ८० च्या खाली आकडा आला तर मी जड काम नाकारतो. फक्त बारीक पॉलिश करतो आणि गिऱ्हाइकाला कारण सांगतो. मोजमाप एकूण जाडीचं असतं, क्लिअर कोट वेगळा दिसत नाही, त्यामुळे अंदाज सावधच धरावा. बंपर प्लॅस्टिकचे असतात, त्यांच्यावर हे मापक चालत नाही. प्लॅस्टिक उष्णता पसरवतही नाही, म्हणून बंपर पत्र्याच्या आधी जळतो. तिथे वेग आणि दाब दोन्ही कमी.

मशीन दोन जातींची. एक सरळ गोल फिरणारं रोटरी, आणि दुसरं गोल फिरता फिरता डोलणारं, ज्याला ड्युअल अॅक्शन म्हणतात. रोटरी झपाट्यानं कापतं, उष्णता करतं आणि अननुभवी हातात होलोग्राम सोडतं. घरी शिकायचं असेल तर ड्युअल अॅक्शनच घ्या. दाब जास्त झाला तर त्याचं फिरणं आपोआप थांबतं, हीच त्याची सुरक्षितता. नुसत्या हातानं कापड आणि कंपाउंड घेऊन बोनेटभर जाळी काढायचा प्रयत्न करू नका. दाब बोटांखाली येतो आणि बोटांच्या आकाराचे पट्टे राहतात. दाराच्या मुठीमागे नखांनी पडलेल्या ओरखड्यांपुरतं हातकाम ठीक आहे.

कुठलंही कंपाउंड थेट सगळ्या गाडीवर लावायचं नाही. आधी बोनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपनं आखून घ्या आणि सगळ्यात सौम्य जोडी लावून पाहा: मऊ पॅड, बारीक पॉलिश. जाळी गेली तर काम झालं, पुढे जाऊच नका. नाही गेली तर पॉलिश एक पायरी जाड करा, त्यानंतर पॅड. एका कंपनीचा क्लिअर कोट लोण्यासारखा मऊ, दुसरीचा काचेसारखा कडक. कुठली गाडी कशी निघेल हे चौकोन केल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. माझ्या दुकानात निम्मा दिवस या चौकोनातच जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं की काम सुरूच झालेलं नाही.

पाच इंची पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. मशीन बंद असतानाच ते चौकोनात टेकवून घ्यायचे, सगळ्यात कमी वेगावर पसरवायचे, मग वेग चार-पाचवर. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. आधी आडवे पट्टे, मग उभे. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की थांबून पुसायचं आणि टॉर्चनं पाहायचं. मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त दाब. मधूनमधून तळहात टेकवून पत्रा पाहा; कोमट चालेल, चटका बसता कामा नये. दर दोन चौकोनांनंतर पॅड ब्रशनं साफ करा, कारण घासून निघालेला क्लिअर कोट पॅडमध्येच साचतो आणि तोच पुढे नवे ओरखडे पाडतो.

यानंतरची तपासणी बहुतेक ठिकाणी होत नाही. पॉलिशमध्ये तेल असतं, काहींत मुद्दाम भरणारी द्रव्यं असतात. ती ओरखड्यात जाऊन बसतात आणि ओरखडा गेल्यासारखा दिसतो. 'तासाभरात नवी' याचं गुपित हेच. तीन-चार धुण्यांनंतर जाळी जशीच्या तशी परत येते आणि गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या गाडीचा रंगच खराब. म्हणून चौकोन झाला की पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मग टॉर्च मारा. त्यानंतरही जाळी दिसली नाही, तरच ती गेली. खोबरेल तेल आणि फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवणारं तेल यांची जादू अशीच, फक्त भरून दिसते. टूथपेस्टमध्ये खरी घासणारी पूड असते, त्यामुळे एखादी रेघ फिकी होतेही, पण ती पूड रंगासाठी बनवलेली नाही आणि काळ्या रंगावर ती धुरकट डाग सोडते.

काळ्या गाडीला शेवटी फिनिशिंगचा हात द्यावाच लागतो. पांढऱ्या गाडीवर जाड पॉलिशनंतरची धूसर छाया कुणाला दिसत नाही, काळीवर दुसऱ्या दिवशी दिसते. सगळं नीट केलं तर तुमच्या गाडीला एक ते दोन पूर्ण दिवस लागतील. एप्रिल-मे असेल तर मी सहालाच सुरू करतो आणि अकराला थांबतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पॉलिश पसरण्याआधीच वाळून पावडर होतं. तुम्हाला घाई नसेल तर दिवाळीनंतर करा.

जाळी शंभर टक्के काढायच्या मागेही लागू नका. ऐंशी-नव्वद टक्के गेली आणि चार खोल रेघा राहिल्या तर राहू द्या. त्या चार रेघांसाठी आख्ख्या बोनेटचे आणखी तीन मायक्रॉन द्यावे लागतात, आणि तुमच्या गाडीचं वय अजून सव्वा वर्षच आहे.

दाराच्या चऱ्याकडे येऊ. जिथे नख अडकत नाही तिथे वरच्याच पद्धतीनं तो जाईल. जिथे अडकतं पण प्रायमर दिसत नाही तिथे पॉलिशनं चऱ्याच्या कडा गोलसर होतात, प्रकाश कमी पकडतात आणि तीन फुटांवरून तो दिसेनासा होतो. यावर मी समाधानी राहतो. काही जण तिथे २००० किंवा ३००० नंबरचा वॉटर पेपर लावून चरा सपाट करतात. मीही करतो, पण आधी आणि नंतर मापक लावून, आणि कडेपासून दोन इंच लांब. घरी हा प्रयोग नको.

जिथे प्रायमर किंवा पत्राच उघडा पडलाय तिथे टच-अप. गाडीचा रंग-कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. तो देऊन त्याच रंगाची छोटी बाटली घ्या. नुसत्या काळ्यातही छटा असतात, त्यामुळे 'काळा द्या' म्हणून आणू नका. चरा अल्कोहोलनं पुसून कोरडा करा. बाटलीतला ब्रश फार जाड असतो, त्याऐवजी चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश किंवा टूथपिक घ्या. रंग फक्त चऱ्याच्या आत सोडायचा, बाहेर फासायचा नाही. एकच जाड थेंब वाळताना आकसतो आणि मध्ये खड्डा पडतो, म्हणून पातळ थर, मध्ये तास-दोन तास, असं तीन-चार वेळा, शेवटी क्लिअर. आठवडाभर तसंच ठेवून मग उंचवटा सपाट करून पॉलिश करता येतं. पत्रा उघडा असेल तर हे पावसाळ्याआधी उरका. गंज एकदा रंगाखाली सरकला की पुढे टच-अप पुरत नाही.

मेहुण्यांनी विम्याचं सुचवलं ते काळजीनंच, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. कारखान्यात वरचा रंग नुसत्या सांगाड्यावर साधारण १४० अंशांना भट्टीत भाजतात. तयार गाडीत वायरी, रबर, प्लॅस्टिक असतं, म्हणून गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. चांगल्या हातानं केलेलं रंगकाम टिकतं, तरीही कंपनीच्या रंगाची सर येत नाही, आणि गाडी विकताना मापक लावणारा दलाल पहिला प्रश्न त्या दोन दारांबद्दलच विचारतो. दुसरं, पहिलं वर्ष दावा न करता गेलं असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर तुम्हाला २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, मिळालेला आहे. असे पाच वर्षं गेले तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो. दोन चऱ्यांसाठी ती शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायची का, ते हप्त्याची पावती समोर ठेवून ठरवा. पत्रा चेपला असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

सिरॅमिकबद्दल थोडक्यात. कोटिंग ओरखडे काढत नाही. जाळीवर लावलं तर जाळी कोटिंगखाली राहते आणि पुढे पॉलिश करताना कोटिंगही घासून काढावं लागतं. '९एच' हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाचा आहे, हिऱ्या-दगडांच्या मापाचा नाही. बाभळीचा काटा त्याला जुमानत नाही. फायदा खरा आहे तो एवढाच की धूळ कमी चिकटते, पाणी घरंगळतं आणि धुताना कमी घासावं लागतं. काट्यांपासून वाचायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म आहे. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते, म्हणजे सगळ्या रंगापेक्षा जास्त. खर्च मोठा आहे. शेताची वाट रोजची असेल तर निदान दोन्ही बाजूंच्या दारांना लावायचा विचार करा, सगळी गाडी गुंडाळायची गरज नाही.

आणि धुणं. पॉलिश करून पुन्हा पिवळं फडकं हातात घेतलं तर सहा महिन्यांत आपण परत इथेच. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे रोज पाइपनं गाडी धुवा असं मी सांगणार नाही. आठवड्यातून एकदा पुरे, आणि मधल्या दिवशी धूळ तशीच राहू द्या. धूळ नुसती बसून असेल तर रंगाचं काही बिघडत नाही. दोन बादल्या ठेवा, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) गाडीवर फिरवून झाला की आधी साध्या पाण्यात खळबळवा, मगच शाम्पूत. छतापासून खाली या, चाकांचा कपडा वेगळा. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर नको, दोन्ही वॅक्स धुऊन नेतात. पाणी अगदीच कमी असेल तर रिन्सलेस वॉशची, म्हणजे नंतर पाण्यानं खळखळून धुवावं न लागणाऱ्या द्रावणाची बाटली घ्या; झाकणभर द्रावण, आठ-दहा लिटर पाणी आणि सात-आठ मायक्रोफायबर कपडे यात आख्खी गाडी होते. फक्त चिखलानं भरलेल्या गाडीला हे करू नका, तिला आधी पाण्याचा फवारा हवा.

बोअरचं पाणी असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका. क्षाराचे पांढरे गोल डाग पडतात आणि काळ्या रंगावर ते जाळीइतकेच डोळ्यात भरतात. ताजे असतील तर निम्मं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरनं सावलीत, दोन मिनिटांत निघतात. लगेच भरपूर पाण्यानं धुवा. मुरलेल्या डागांना पॉलिशच लागतं. पक्ष्याची विष्ठा दिसली की खरवडू नका. ओला कपडा त्यावर पाच मिनिटं ठेवा, मग उचलून घ्या. उन्हात क्लिअर कोट मऊ होतो, संध्याकाळी गार पडताना त्या वाळलेल्या खपलीभोवती आकसतो आणि खड्डा कायमचा राहतो. म्हणून हे काम दुपारच्या आधी.

मायक्रोफायबरचे कपडे घरच्या सुती कपड्यांबरोबर धुऊ नका आणि काटेरी कुंपणावर वाळत घालू नका. त्यात अडकलेलं कुसळ गाडीवर सुईसारखं चालतं.

तुमच्या गाडीचा क्रम मी असा लावेन: या आठवड्यात उघड्या पडलेल्या पत्र्यावर टच-अप, दिवाळीनंतर मोजून एकदाच सौम्य पॉलिश, त्यावर परवडेल ते कोटिंग किंवा निदान दर दोन महिन्यांनी वॅक्स. त्याआधी एका सकाळी कोयता घेऊन शेताच्या वाटेवर जा. ती बाभळीची फांदी अजून तिथेच असेल.